गाडी कुठे थांबते

८ सप्टेंबर १९९८
रेल्वेचा माणूस आला होता. पॅक्स्टन. बूट कोरे करकरीत. नगरपालिकेच्या टेबलावर नकाशा पसरला आणि टेबलावर जागाच उरली नाही, कॉफीचे कप आम्हीच हातात धरून बसलो.

आपली ही लहानशी रेल्वे आजवर गहू आणि मका वाहत आली. आता ती वायोमिंगच्या खाणींपर्यंत नवे रूळ टाकणार, तिथला कोळसा पूर्वेला नेणार. आज दिवसाला दोन-तीन गाड्या जातात, त्याही रमतगमत, कारण रूळ खिळखिळे आहेत. उद्या तीसेक जातील, वेगाने, गावाच्या मधोमध.

करारावर सही केली तर रेल्वे रुळांवरून पूल बांधून देईल. नाही केली तरी कोळसा बहुधा येईलच — पूल मात्र नाही.

मी विचारलं, पूल आधी की कोळसा आधी? तो हसला. मी थांबून राहिले. मग म्हणाला, पूल आधी. तेवढं लिहून घेतलं.

९ सप्टेंबर
वारा. टोमॅटो काढले. लावताना काही वाटलं नव्हतं, काढतानाही नाही.

१४ सप्टेंबर
गेलन घरी आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे; एके काळी माझ्या बीजगणिताच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचा. आता नगरपालिकेत कोळशाच्या विरोधकांचा पुढारी! सभासद सहा — तीन इकडे, तीन तिकडे. बरोबरी झाली की नगराध्यक्षाचं मत, म्हणजे माझं.

"बाई, तुम्ही तर आमच्याच," म्हणाला.

मग आपल्या गाडीचं गुणगान. कशी घरच्यासारखी आहे, दर बुधवारी मार्लिसच्या कॅफेसाठी कशी थांबते, ड्रायव्हर उतरून कसा कॅरमल रोल घेऊन जातो. अख्ख्या साउथ डकोटात असं कुठे उरलंय म्हणे. बोलता बोलता आपण कोणाशी बोलतोय ते त्याला आठवलं. कान लाल झाले.

मी त्याला दाराची बिजागरी दाखवली. चुकीचे स्क्रू दिले होतेस, म्हटलं. बदलून देतो म्हणाला.

२० सप्टेंबर, रविवार
चर्चच्या तळघरात जेवण होतं. भट्टीतलं हॉटडिश, जेली, बटाट्याच्या लेफ्से पोळ्या. माझ्या नवऱ्याच्या, लॉवेलच्या, अंत्यविधीलाही हेच पदार्थ होते, बहुतेक त्याच भांड्यांत.

लिहून टाकते, एकदाच.

मार्चमधला बुधवार. लॉवेल एरवी बुधवारी मार्लिसकडे असायचा, व्हर्लिनबरोबर. व्हर्लिन म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. दोघं पहिलीपासूनचे मित्र. त्या दिवशी मी लॉवेलला घरी ठेवून घेतलं होतं, छपराची पन्हळ दुरुस्त करायला. शिडीवरून खाली उतरला, पायरीवर बसला, छातीला हात लावला.

आमचं घर रुळांच्या दक्षिणेला. अँब्युलन्स आणि दवाखाना उत्तरेला. गाडी उभी — गावाची दोन्ही फाटकं अडवून. इंजिन कॅफेसमोर, बाकीचे डबे पार मागे. पलीकडे अँब्युलन्सचे दिवे डब्यांच्या फटींतून लुकलुकताना मला दिसत होते. कोणीतरी कॅफेकडे पळालं. व्हर्लिन हातातलं टाकून धावला. पण एवढी लांब गाडी, आणि ते रूळ. ती हलायला लागली तेव्हा घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

एरवी लॉवेलशी चार शब्द बोलून तो रोल घेऊन लगेच निघायचा. त्या दिवशी बसून राहिला होता. लॉवेलची वाट बघत.

बातमीत आलं की गाडी हळू जात होती. गावात सगळ्यांना माहीत आहे की ती उभी होती. कोणी बोलत नाही. बोललं तर व्हर्लिनची नोकरी जाईल.

२१ सप्टेंबर
काही नाही.

१३ ऑक्टोबर
शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी. वॉशिंग्टनहून आलेल्या तीन अधिकाऱ्यांसमोर माइक ठेवला होता, आणि गाव रांगेत उभं. कोणी धुरावर बोललं, कोणी शिट्ट्यांवर. निम्मे जण आपल्या गुणी, संथ गाडीवर बोलले. रोलची गोष्ट तर तिघांनी सांगितली. अधिकारी हसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते. दुसऱ्याच कोणाच्या तरी गावाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

व्हर्लिन शेवटच्या रांगेत होता. बोलला नाही. बाहेर मोटारीपाशी गाठलं मला. मार्चनंतर पहिल्यांदाच समोर आला. म्हातारा दिसतो.

"आर्डिस, सांगून टाक त्यांना," म्हणाला. "माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"निवृत्त कधी होतोस?"

"पुढच्या वर्षी."

"मग घरी जा. बाहेर गारठा आहे."

त्याच्यावर राग यायला हवा होता. शोधला. सापडला नाही.

१ नोव्हेंबर
उद्या मतदान. इस्त्री केली. पूल असता तर लॉवेल वाचला असता का? डॉक्टरांना विचारलं होतं तेव्हा. ते म्हणाले, सांगता येत नाही. या उत्तराला मी वर्गात शून्य दिलं असतं. पण पुढच्या कोणाच्या पायरीवरून ते दिवे डब्यांच्या फटींतून दिसू नयेत. बाकी सगळा धूर आणि गोंगाट, तो होईल.

२ नोव्हेंबर
तीन विरुद्ध तीन. मी कराराच्या बाजूने मत दिलं. पूल होणार.

मग गेलन उभा राहिला. "बाई, का ते तरी सांगा. नुसतं उत्तर लिहिलं तर गुण कापायच्या तुम्ही. रीत मांड म्हणायच्या."

"आज नुसतं उत्तर आहे," मी म्हटलं. "काप गुण."

सभा संपवली. एरवी पोस्टापर्यंत कोणीतरी सोबत असतं; आज कोणी माझ्याबरोबर चाललं नाही.

५ नोव्हेंबर
सकाळी दारात बादलीभर कोळसा ओतलेला. कुठून आणला असेल? चांगल्या प्रतीचा आहे. गॅरेजमध्ये ठेवला, पायरी धुतली.

९ नोव्हेंबर
गेलनने स्क्रू पाठवले. चिठ्ठी नाही. या वेळी बरोबर मापाचे.

१८ नोव्हेंबर, बुधवार
दाढ दुखत होती म्हणून भर सकाळी उत्तरेला गेले. बुधवारी त्या वेळेला मी घराबाहेर पडत नाही, मार्चपासून. शिट्टी ऐकली की पडदा ओढून घेते.

फाटक मोकळं होतं! गाडी गावाबाहेर उभी, धान्याच्या कोठारांच्याही पलीकडे, शेवटच्या डब्यापर्यंत बाहेर. रुळांच्या कडेने गाडीवरची दोन माणसं बर्फातून माना खाली घालून चालत येत होती, गावाची अख्खी लांबी.

मी मार्लिसकडे गेले. काउंटर पुसत होती. "लॉवेलला पुरलं त्याच्या पुढच्या बुधवारपासून हे असंच," म्हणाली. "तुला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नाही. मी पडदा उघडला नाही.

व्हर्लिन आत आला. मला बघून तसाच दारातून वळला. मी समोरची खुर्ची पायाने बाहेर सरकवली. तो बसला. मिशांवरचा बर्फ टेबलावर ठिबकत राहिला. मार्लिसने न विचारता दोन रोल आणून ठेवले.

एक मी त्याच्याकडे सरकवला, दुसरा स्वतःकडे ओढला.