विहिरीवरचा वॉर्म-अप

७ एप्रिल, सोमवार

आजपासून नवं आयुष्य.

जव्हारच्या मीटिंगमध्ये चहाच्या वेळी नव्या साहेबांनी विचारलं, टेनिस कोण खेळतं? त्यांच्या पार्टनरची बदली झाली म्हणे. बाकीचे सगळे ग्रामसेवक बिस्किटांकडे बघत बसले. माझा हात आपोआप वर गेला. खोटं नाही बोललो. कॉलेजात क्रिकेट खेळायचो, बॉल टेनिसचाच होता.

साहेब म्हणाले, सत्तावीसला, रविवारी सकाळी कोर्टवर या. खेळ झाला की निवांत बोलू.

निवांत बोलू! बदल्यांच्या फायली साहेबांच्याच टेबलावर असतात. त्यात माझीही आहे. बायको प्रतिभा जव्हारला शाळेवर, लेक सपना तिच्यापाशी, आणि मी सूर्यमाळच्या पलीकडे एका पाड्यावर, एका खोलीत, शनिवारच्या एसटीची वाट बघत. असं किती वर्षं चालायचं? जूनमध्ये सपना पहिलीत जाईल. पहिल्या दिवशी मीच शाळेत सोडणार असं तिला सांगून टाकलंय. बालवाडीच्या वेळीही सांगितलं होतं. या वेळी खरं सांगितलंय.

८ एप्रिल, पहाटे

यूट्यूबवर टेनिस शिकणं सोपं. अडचण रेंजची. पाड्यात रेंज फक्त विहिरीपाशी येते, तीही फोन डोक्यावर धरला तर. व्हिडिओतला कोच म्हणतो, टेनिस हातांनी नाही, पायांनी खेळतात. म्हणून आधी वॉर्म-अप. समोरचा बॉल मारणार त्या क्षणी जागच्या जागी छोटी उडी, ती स्प्लिट स्टेप. मग आडवं सरकत साइड शफल.

वॉर्म-अप संपला आणि व्हिडिओ अडकला. हरकत नाही. पायांनीच खेळतात म्हटल्यावर आधी पायच करू.

ता.क. टँकरची मागणी तालुक्याला पाठवायची आहे. उद्या नक्की.

१० एप्रिल

पोटऱ्या धरल्या. विहिरीवर बायका हसतात. त्यात गौरा. पाड्यात हिचा शब्द चालतो, माझा नाही. म्हणाली, "भाऊसाहेब, पाय भाजतात का? चपला घाला ना." मी समजावलं की हा वॉर्म-अप, म्हणजे खेळायच्या आधी अंग गरम करतात. म्हणाली, "एप्रिलात?"

व्हिडिओ आज परत तिथेच अडकला.

मागणी राहिली. जिवा शिपायाला म्हटलं, उद्या आठवण कर. म्हणाला, रोजच करतो.

१२ एप्रिल, शनिवार, जव्हार

प्रतिभाला काही सांगितलं नाही. एकदम ऑर्डरच हातात ठेवणार. जेवताना फक्त म्हणालो, या जूनला मी इथे असणार. ती भाकरी वाढत होती, थांबली. म्हणाली, "मला काय सांगायचं ते सांगा. पोरीला आता काही सांगू नका."

लागलं. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. म्हणूनच आता चुकून चालणार नाही. रात्री अंथरुणातही पायांनी शफल करत होतो, तर सपनाला लाथ बसली.

१६ एप्रिल

खोडाळ्याच्या बाजारातून पांढरे शूज आणले. एक नंबर लहान, पण पांढरे हेच होते. चामडं सैल होईल. चामडं नाहीच आहे, पण काहीतरी सैल होईलच.

विहीर तळाला गेली. बायका वाटीने पाणी भरतात. मागणी लिहून तयार आहे, फक्त पाठवायची राहिली. रेंज असते तेव्हा मी वॉर्म-अप करत असतो, आणि वॉर्म-अप संपला की दम नसतो.

१९ एप्रिल, शनिवार

घरी गेलो नाही. सरावात खंड नको. प्रतिभा फोनवर नुसतं "बरं" म्हणाली. त्या बऱ्याचा अर्थ लावत बसायला वेळ नाही.

२१ एप्रिल

मोठा दिवस. वाईट अर्थाने.

व्हिडिओत जमिनीवर शंकू ठेवून त्यांच्यामधून नागमोडी पळतात. पाड्यावर शंकू कुठून आणायचे? पण विहिरीपाशी रिकाम्या हंड्यांची रांग तयारच होती. पाणी झिरपून साचेपर्यंत बायका मजुरीला जातात आणि नंबर राहावा म्हणून हंडा ठेवून जातात. माणूस नसलं तरी त्याचा हंडा त्याच्या जागी उभा असतो. पाड्याचा नियमच आहे तो. मला माहीत होता. पण आसपास कोणी नव्हतं, आणि मी नंतर परत लावणारच होतो.

अंतर सोडून मांडले. फार सुंदर नागमोडी झाली. शेवटच्या वळणावर एकाला लाथ बसली, तो दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, आणि एक उतारावरून पार करवंदीच्या जाळीत.

सगळे गोळा करून परत लावले. कोणता कुठे होता ते आठवेना, म्हणून आधीपेक्षा नीट लावले. मोठ्यापासून लहानापर्यंत.

संध्याकाळी विहिरीवर रण माजलं. पहिला नंबर गौराचा होता. तिची कळशी, सगळ्यात लहान. म्हणजे शेवट. सगळ्यात मोठा हंडा सपाट तळाचा, रुपीचा, ती कालच माहेराहून आलेली, नंबर शेवटचा. तिचा पहिला! जिने तिने एकमेकींच्या सासूचा उद्धार केला. मी मधे पडून सांगितलं की यात शिस्त आहे. तेव्हा सगळ्या माझ्याकडे वळल्या.

गौरा म्हणाली, "हंडा सरकवला म्हंजी मानसाला ढकलला." मग म्हणाली, "आनि टँकर कवा येल?"

मी म्हटलं, रविवारी साहेबांबरोबर टेनिस खेळायला जव्हारला जातोय, सगळं तिथेच बोलतो. मनात म्हटलं, जरा वजन दिसू दे आपलं.

२६ एप्रिल

पाय तयार. मन तयार. मागणीचं रविवारी साहेबांना तोंडीच सांगेन. आज एसटीत उभ्यानेच स्प्लिट स्टेप केली, कंडक्टर म्हणाला, बसा ना, जागा आहे.

२७ एप्रिल, रविवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

वॉर्म-अप उत्कृष्ट झाला. साहेब बघतच राहिले. म्हणाले, "वा, तुम्ही तर शिकलेले दिसता." आयुष्यात मला असं कोणी म्हटलेलं नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

साहेबांनी जास्तीची रॅकेट दिली. बॉल आला. स्प्लिट स्टेप, शफल, अगदी बॉलपाशी पोचलो. बॉल निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा पोचलो. दर वेळी वेळेवर पोचत होतो, फक्त पुढे हाताने काय करायचं ते कळत नव्हतं. साहेब म्हणाले, अहो, मारा! पण मारायचा व्हिडिओ मी बघितलेलाच नाही.

तेवढ्यात फाटकापाशी भाजीचा पिकअप थांबला. गौरा उतरली, मागून रुपी, मागून सगळ्याजणी. आत आल्या आणि कोर्टच्या पांढऱ्या रेघेवर रिकामे हंडे ओळीने मांडले. गौराची कळशी पहिली.

साहेबांनी विचारलं, हे काय? गौरा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यो आमचा भाऊसाहेब. रोज विहिरीवर उड्या मारतो. पानी येत नाय."

मग साहेब माझ्याशी निवांत बोलले. टँकरची मागणी कुठंय? पाऊस पडेपर्यंत पाडा सोडायचा नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. बदलीचं पुढच्या वर्षी बघू. आवाज अजिबात चढवला नाही.

परत आलो त्याच पिकअपमध्ये, हंड्यांच्या मधे बसून. घर कोर्टपासून दोन गल्ल्या होतं.

३० एप्रिल

टँकर आला. साहेबांचा एक फोन पुरला. टँकर विहिरीत ओततात, म्हणजे रांग आहेच. जिवाने माझं पाणी भरायचं बंद केलं. गौरा म्हणाली, भाऊसाहेबांनी पन नंबर लावावा.

३ मे, शनिवार

एसटी गेली. आवाज ऐकला.

संध्याकाळी विहिरीवर सपनाचा फोन आला. म्हणाली, "बाबा, शाळेत मला मधुमामा सोडणार आहे. आईने ठरवलं. तू नाही आलास तरी चालेल."

मी म्हटलं, बरं. मग विचारलं, मामा वेळेवर येतो ना?

म्हणाली, "तो येतो."

रांग पुढे सरकली. माझा हंडा शेवटचा. दुसऱ्या कुणाच्या हंड्याला धक्का न लावता तो पुढे ठेवला.