अंगावरून उतरलेलं

२ सप्टेंबर १७६२
पोचले एकदाची! थॉर्नमूर हॉल या हवेलीत मला चक्क स्वतंत्र खोली आहे. काम बाईसाहेबांचे केस विंचरायचं नि कपडे सांभाळायचं. लेडी हॅरिएट फार आजारी आहेत. डॉक्टरांच्या मते हा हिवाळा काही बघायच्या नाहीत. पण मला बघून हसल्या. आईनं मागावर विणलेला माझा करडा लोकरी झगा मानेला चावतो, मी सारखी खाजवत होते. म्हणाल्या, "अगं डॉर्कस, मान सोलून काढशील!" कारभारीण मिसेस क्लेग यांनी सांगितलं, बाईसाहेबांच्या अंगावरून उतरलेला कपडा दासीचा, ही इथली रीत, नाही म्हणायचं नसतं. मी कशाला नाही म्हणतेय? अकरा नोव्हेंबरला नोकरीची मुदत संपते, तेव्हा आई मला न्यायला येणार. पेटीभर रेशीम घेऊन जाईन, शेजारणींचा नुसता जळफळाट होईल.

११ सप्टेंबर
पहिला झगा मिळाला, निळा. माझ्याच मापानं बेतल्यासारखा बसला. बदल्यात बाईसाहेबांनी माझा करडा झगा मागून घेतला. जन्मात कधी लोकर घातली नाही म्हणाल्या. थोरामोठ्यांच्या हौशी! दुपारी शिवताना सुई करंगळीत शिरली, ते रक्त बघितल्यावर कळलं. रेशमाची सवय नाही, दुसरं काय.

३० सप्टेंबर
आज चौथा झगा. हात मनगटापर्यंत बधिर. कढत चहा सांडला, कातडी लाल झाली, मला काही नाही. बाईसाहेबांनी मात्र दोन अंडी खाल्ली नि बागेत फिरून आल्या. मिसेस क्लेगना म्हटलं, मला भीती वाटते, झगे परत घ्या. त्या म्हणाल्या, "मिळतंय ते घालावं नि गप्प बसावं. दिलेलं या घरात परत घेत नाहीत."

१९ ऑक्टोबर
जिन्यात नोकरानं कमरेत वाकून वाट दिली. म्हटलं, अरे, मी डॉर्कस. खाली मान घालून म्हणाला, "जी, बाईसाहेब." त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडे आधी कपडा बघतात, मग तोंड, आणि तोंडापर्यंत वेळ सहसा येत नाही. गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत, ते मला वाकून बघावं लागतं.

२ नोव्हेंबर
बाईसाहेबांच्या मोठ्या पलंगावर मीच. डॉक्टरांनी माझी नाडी धरली, म्हणाले, धीर धरा, लेडी हॅरिएट. ती कोपऱ्यात उभी होती, माझ्या करड्या झग्यात. मान खाजवत होती.

११ नोव्हेंबर
आई आली. निरोप घ्यायला तिला वर आणलं. मी हाक मारली — आई. तिनं गुडघे वाकवून मान दिला. म्हणाली, माझ्या पोरीला सांभाळलंत, उपकार झाले. मग वळून तिचा चेहरा हातात धरला — तिचा — "काय गं माकडे, अजून खाजवतेसच का?" आपली शाल तिच्या गळ्याभोवती गुंडाळली. पलंगावरून रस्ता दिसतो. वळणापर्यंत दोघी दिसत होत्या. रडायला हवं होतं. गाल ओले आहेत का, तेही —

१४ — की १५
मिसेस क्लेग कफनाचं विचारतात. कायद्यानं सगळ्यांना लोकरीचं. थोरांघरी दंड भरून मऊ लिननचं घेतात.
नको म्हटलं. लोकरीचंच आणा. आईच्या मागावरचं, जाडंभरडं. शेवटचं एकदा चावू दे.
म्हणाल्या, बाईसाहेब भ्रमात आहेत. मापं घेतली. लिनन मानेशी लावून बघितलं —
काहीच —