उतारावरची किल्ली

कळवण,
२६ सप्टेंबर २००५

प्रिय मनोजदादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. वहिनी आणि चैताली मजेत असतील. इकडे सगळं ठीक. तुझ्या दाजींना सवड नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

अमेरिकेतल्या वादळाचं कात्रण वाचलं. समुद्रातल्या तेलविहिरी बंद, तेलाचे कारखाने पाण्यात, म्हणून जगभर भाव भडकले. इथे डिझेल दोन रुपयांनी चढलंच. आता दुसरं वादळ आलंय, अजून चढेल, उद्या गॅसची टाकीही महागेल, तेव्हा जीप विका आणि नाशिक रोडला या, असं तू लिहितोस. काळजीपोटी लिहितोस, कळतं मला. पण जीप विकणार नाही.

आणि सवड नाही हे खोटं. तुझ्या दाजींची, दत्तूंची, मांडी मोडलीय.

भाव वाढल्यापासून देवीच्या गडाच्या घाटात प्रवासी नेणारे जीपवाले उतारावर किल्ली बंद करून गाडी सोडतात. तेवढंच डिझेल वाचतं. दत्तू करत नव्हते. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगड होतो, म्हणायचे. नऊ तारखेला त्यांनीही किल्ली बंद केली. वळणावर ब्रेक दबेना, तेव्हा दरी सोडून जीप डोंगराला घातली. मागच्या दोघा प्रवाशांना खरचटलंसुद्धा नाही. मांडीत सळई घातली ती तुझ्या घरापासून दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात, आणि तुला कळवलं नाही. कारण तू पहिल्यांदा हेच विचारलं असतंस, की त्यांना ही अक्कल शिकवली कोणी?

मी शिकवली, दादा. त्या सकाळी त्यांना चहा देताना मीच म्हणाले, "सगळे करतात, तुम्हीच काय मोठे शहाणे?" त्यांनी अजून एकदाही ते बोलून दाखवलेलं नाही. तेच जास्त लागतं. वादळावर ढकलून मोकळी झाले असते, पण चहाच्या वेळी वादळ नव्हतं, मी होते.

माझं लायसन दोन वर्षं कपाटात पडून होतं. जीप दुरुस्त झाली आणि गेल्या सोमवारपासून मीच चालवते. पहिल्या दिवशी स्टँडवर सगळे फिदीफिदी हसले.

"ताई, इंजिन चालू ठिवून उतरती? डिझेल काय फुकट भेटतं?"

"मग मांडी फुकट भेटती का?" मी म्हटलं.

तेवढ्यात भाजीवाली साळूबाई पाटी घेऊन पुढच्या सीटवर चढली. "मी हिच्याच गाडीत बसन," म्हणाली. "हिला भ्याव ठावं हाय."

भीती वाटतेच. प्रत्येक वळणावर वाटते. पण दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून, रोज खाली येते. तेलाचा भाव कुठे का जाईना.

रविवारी ये. आधी दत्तूंना भेट, मग तुला गडावर नेते आणि उतरवतेही. पुढे माझ्या शेजारी बस. खाली पोचल्यावरही वाटलंच, तर जीप विकायचं बोल.

घाटात किल्लीला हात न लावणारी,
तुझी धाकटी बहीण,
सरिता