यादीतलं सातवं नाव

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दिव्या,

घरी सगळे बरे आहेत. अप्पांची छाती महिनाभरात दुखली नाही. रोज सकाळी चालायला जातात आणि येताना कुणाला तरी तुझ्या लग्नाची पत्रिका देऊन येतात. आईनं चकल्या केल्यात. डबा आणि हे पत्र गोजराआत्या तुझ्या हातात देईल.

गेल्या शुक्रवारपासून तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज केला असता, पण तुझं व्हॉट्सॲप लॅपटॉपवर कायम उघडं असतं. म्हणून कागदावर लिहितोय. वाचताना लॅपटॉप मिटून ठेव.

दिवाळीच्या पाडव्याला तू तो लॅपटॉप माझ्यापुढं ठेवलास. "अण्णा, स्वल्प बघ ना. सुरू व्हायला पाच मिनिटं लावतो. हर्षनं साखरपुड्याला दिलेला, नवाकोरा, आणि असा!" एवढं बोलून आईबरोबर बाजारात गेलीस. कारखान्यातल्या कॉम्प्युटरांवर मी दिवसभर हेच करतो. टास्क मॅनेजर उघडून, लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी काढली. सात नावं होती. गाण्याचं ॲप, प्रिंटरचं, मीटिंगची दोन, असली सहा बंद केली. संध्याकाळी तुला केवढा आनंद झाला होता!

सातव्याबद्दल मी तुला काही बोललो नाही.

नाव होतं 'डिस्प्ले हेल्पर'. ते पडद्यामागं सतत चालू होतं आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी बाहेर पाठवत होतं. ते जिथं ठेवलेलं होतं तो फोल्डर उघडला. आत तुझ्या स्क्रीनचे फोटो होते, दिव्या. शेकडो. तुझे मेल, तुझ्या मैत्रिणीशी, कस्तुरीशी, गप्पा, सगळं. ते फोटो कुठं जातात तो पत्ताही तिथंच होता. हर्षचा.

मी ते लगेच बंद केलं. तासाभरात त्याचा फोन आला.

"अण्णा, दिव्याचा लॅपटॉप तुम्ही उघडलात का?"

मी विचारलं, हे काय आहे? तो अगदी शांतपणे म्हणाला, "काळजीपोटी केलंय. पीजीत एकटी राहते. तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला नको का काळजी? पुन्हा चालू करा. पत्रिका वाटून झाल्यात, अप्पांची तब्येत अशी. उगाच कशाला?"

मी 'सरी', बरं, एवढंच म्हणालो. आणि चालू केलं, माझ्याच हातानं. तू बाजारातून येऊन मला बांगड्या दाखवत होतीस तेव्हा ते चालू होतं.

आता शुक्रवारचं. चेन्नईच्या नोकरीचा अर्ज तू फक्त मला सांगितला होतास. दोन दिवसांत हर्ष म्हणाला, लग्नानंतर चेन्नई वगैरे नको. तू मला फोनवर चुगलखोर म्हणालीस. मी त्याला एक शब्द सांगितला नव्हता, हे खरं. पण त्याला ते कुठून कळलं हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, हेही खरं.

साखरपुड्यानंतर तू म्हणायचीस, "मी न बोलताच त्याला माझ्या मनातलं कळतं." ते आठवलं की जेवण जात नाही.

तू ठरवशील त्यात मी तुझ्याबरोबर आहे. हे बारा दिवसांपूर्वी म्हणायला हवं होतं.

तुझा,
रणवीर


कोरमंगला
१७ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

डबा मिळाला. पत्र आत्यासमोरच वाचलं. ती विचारत होती, "काय गं, वाईट बातमी?" मी नाही म्हणाले.

ती गेल्यावर कस्तुरीला खोलीत बोलावलं आणि तू लिहिलंस तशी यादी काढली. होतं तिथंच. कस्तुरीनं तिच्या मोबाईलवर सगळ्याचे फोटो घेतले, हर्षच्या पत्त्यासकट. मग ती म्हणाली, "आता बंद कर ना!"

मी बंद केलं नाही. कोरं पान उघडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हर्ष, वाचतोयस ना? फोन कर." लिहून दोघी पलंगावर बसून राहिलो. कस्तुरीनं माझा हात धरला होता. मला वाटत होतं, फोन येऊच नये. तुझीच काहीतरी चूक निघावी.

अकराव्या मिनिटाला फोन वाजला.

"दिव्या, आधी ऐकून तर घे," हे त्याचं पहिलं वाक्य. काय झालं, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. मला पुढचं ऐकायची गरज उरली नव्हती. लग्न होणार नाही, एवढं सांगून मी फोन ठेवला. मग त्या प्रोग्रॅमवर कर्सर नेला आणि बंद केलं.

अप्पांना मीच फोन केला. घाबरत केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाळा, जेवलीस का?" मी तेव्हा रडले, त्याआधी नाही.

नंतर त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, अण्णानं. ते म्हणाले, "शाबास रणवीर." तुला कधीपासून माहीत होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला वाचवायला नाही. ते तू सांगायचं आहेस, अप्पांसमोर बसून.

सांगून झालं की फोन कर. उचलेन.

'तुझी लाडकी' आज लिहवत नाही, नुसतीच
दिव्यश्री