एक्केचाळीस सभांतलं पत्र

पार्सिपनी, न्यू जर्सी
१२ जानेवारी १९८५, शनिवार

ती. दादाराव भाऊजी यांस,
सप्रेम जय भीम.

मी आणि रवी इकडे बरे आहोत. परवापासून बर्फ पडतंय, गाडी काढायची तर आधी अर्धा तास फावडं मारावं लागतं. हॉस्पिटलात आज माझी ड्यूटी नाही म्हणून लिहायला बसले. सीमाताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळून बरं वाटलं. एवढी विचारपूस पुरे झाली असं समजते.

तुमचं पत्र पोचलं. मला नाही, रवीला. मी या देशात येऊन नऊ वर्षं झाली, तेवढ्यात तुम्ही मला दोन ओळी लिहिल्या नाहीत. आणि आता पोराच्या नावावर चार पानं! तुम्हाला वाटलं असेल, आईला न दाखवता तो परस्पर 'हो' म्हणेल. पण त्याला मराठी अक्षर लावून लावून वाचावं लागतं. दुसऱ्या पानावर अडला आणि कागद घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आला. तुमचा डाव तिथेच फसला.

सोबतचा फोटो मात्र त्याने आधीच भिंतीवर लावला होता. बहात्तर सालच्या विधानसभेचे सगळे आमदार पायऱ्यांवर उभे, आणि चौथ्या रांगेत तुम्ही, फेटा बांधून. एकाहत्तरची लढाई जिंकल्यावर तीन महिन्यांत निवडून आलेली मंडळी. वर्गात सांगून आला, 'माय अंकल वॉज ॲन असेंब्लीमन.' इथल्या राज्याच्या खालच्या सभागृहाला असेंब्लीच म्हणतात, त्यामुळे मास्तरांनाही लगेच कळलं. त्याचा बाप फोटोत का नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पत्रात तुम्ही लिहिलंय की अठ्ठ्याहत्तरला पडलात, ऐंशीला तिकीट मिळालं नाही, आता मार्चमध्ये मिळण्यासारखं आहे. म्हणून रवीने फेब्रुवारीत यावं, विमानाच्या तिकिटाची सोय तुम्ही कराल. व्यासपीठावर बसावं आणि बापाचं शेवटचं पत्र लोकांना वाचून दाखवावं. मूळ कागद आईकडून मागून घ्यावा. 'मजकूर मी इथे देतो, तू नुसता कागद हातात धर, तुझ्या आईने धरला होता तसा.' हे वाक्य तुम्ही तेरा वर्षांच्या मुलाला लिहिलंत, भाऊजी. लिहिताना हात कचरला नाही?

त्या वाक्यावरच तो अडला होता. अक्षर लागत नव्हतं म्हणून नव्हे. मला म्हणाला, "आई, मजकूर अंकल देणार? बट इट्स डॅड्स लेटर, राइट?"

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले.

तुम्हाला सगळं आठवत असेलच, तरी लिहिते. अकरा डिसेंबरला प्रताप लढाईत गेल्याची तार आली. मी आठव्या महिन्यात होते. जानेवारीत रवी झाला आणि बाळंतपणाचा सव्वा महिना पुरा व्हायच्या आत तुम्ही मला पांढरं पातळ नेसवून जीपमध्ये बसवलंत. तुमच्या आई म्हणाल्या, पोरगी ओली बाळंतीण आहे. तुम्ही म्हणालात, देशाचं काम आहे. लढाई संपली होती, देशाचं काम तुमच्या तिकिटापुरतं उरलं होतं. गावोगावच्या बाजाराच्या दिवशी सभा. तुम्ही आधी बोलायचात, मग मला माइकपुढे उभं करायचात. माझ्या एका हातात रवी आणि दुसऱ्या हातात प्रतापचं शेवटचं पत्र. बायका पुढे येऊन रवीच्या पायांना हात लावायच्या.

आणि मी वाचायचे. 'मी हसत हसत मरेन. माझ्या मागे माझा दादा तुमची सेवा करील, त्याला अंतर देऊ नका.' हे शब्द तुमचे. वहीत लिहून दिलेत, मी पाठ केले. हातातला कागद खरा होता आणि तोंडातलं एकही अक्षर त्यावर नव्हतं. एक्केचाळीस सभा झाल्या. प्रत्येक सभेत लोक रडले.

मी मुंबईला तुमच्या शपथविधीलाही आले होते. वर गॅलरीत बसून बघत होते. दोनशे सत्तर माणसं एकेक करून उभी राहत होती. मनात म्हणत होते, यांच्यात अजून किती जण कुणाच्या तरी मढ्यावर पाय देऊन आत आलेत? आणि तरी तुमचं नाव पुकारलं तेव्हा छाती भरून आली. मला वाटलं, आता तुम्ही आमच्यासारख्यांसाठी बोलाल. पाच वर्षांत जवानांच्या विधवांबद्दल तुम्ही सभागृहात एक प्रश्न विचारला नाहीत. मी नर्सिंगला जाते म्हटलं तर म्हणालात, शहिदाच्या बायकोने लोकांची घाण काढलेली लोकांना चालणार नाही. लोकांना नाही, तुम्हाला चालत नव्हतं. पुढच्या निवडणुकीला मी लागणार होते.

हे सगळं मी रवीला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "देन व्हाय डिड यू डू इट?"

मी म्हणाले, काकांनी सांगितलं म्हणून. मी लहान होते, दु:खात होते. हे अर्धंच आहे, हे त्याला कळलं. मग मला खरं बोलावं लागलं. ते तुम्हालाही सांगते, म्हणजे सगळा दोष तुमच्यावर टाकला असं व्हायला नको. मला ते आवडायला लागलं होतं. तार आल्यापासून घरात कुणी माझ्याकडे सरळ बघत नव्हतं, आणि तिथे हजार माणसं माझं बोलणं ऐकायला गप्प बसायची. चौथ्या-पाचव्या सभेनंतर कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा करायचा, ते तुम्ही शिकवलं नव्हतं. ते माझं मीच शिकले. तुमचा मला राग येतो त्यातला अर्धा त्याचा आहे.

मग मी कपाटातून पत्र काढून त्याला दिलं.

त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. तार आली त्याच आठवड्यात तुम्ही ते माझ्या हातून घेऊन वाचलंत आणि म्हणालात, हे असलं कुणाला दाखवू नको, घराण्याची अब्रू जाईल. 'सुजाता, मला फार भीती वाटते. पहाऱ्यावर हात थरथरतात, बंदूक नीट धरता येत नाही. मला मरायचं नाही. बाळाला बघायचंय. हे कुणाला सांगू नकोस.' एवढंच आहे, आणि खाली माझे पाय सुजतात का, अशी चौकशी. मी कुणाला सांगितलं नाही. तेरा वर्षं त्यांचा शब्द पाळला आणि परवा त्यांच्याच मुलासाठी मोडला.

रवीने दोनदा वाचलं. म्हणाला, "ही वॉन्टेड टू सी मी." मग रडला. मी त्याला जन्मात कधी बापासाठी रडताना पाहिलं नव्हतं. शहिदासाठी कसं रडणार? त्याला फक्त सलाम करता येतो.

तो येणार नाही. हा त्याचा निर्णय आहे, मी त्याला भरीस घातलेलं नाही. मूळ पत्रही येणार नाही. ते आता त्याचं आहे. तुम्ही रचलेल्या मजकुराची बहात्तरची छापील पत्रकं तुमच्याकडे उरली असतील, हे मी जाणून आहे. त्यातलं एक जरी या निवडणुकीत वाटलं गेलं, तर खऱ्या पत्राची नक्कल नागपूरच्या सगळ्या वर्तमानपत्रांकडे जाईल. खाली माझी सही असेल आणि एक्केचाळीस सभांत मी काय केलं तेही असेल. माझी अब्रू जाईल, जाऊ दे. रवीला विचारून लिहिते आहे.

सीमाताईंना जय भीम आणि मुलांना आशीर्वाद सांगणार होते, पण तुमच्या हातून नको.

ज्याला भीती वाटत होती त्याची बायको,
सुजाता