माळावरचं बापूचं जंगल

बापू,

तू लावलेलं जंगल तोडायचं घाटत आहे, आणि ते घाटणाऱ्यांत मी आहे. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, म्हणून लिहायला बसले. जिल्ह्यातली रानं, नाले, माळ पुन्हा कसे जिवंत करायचे याचा आराखडा तयार होतोय. आर्णी तालुक्याचा भाग माझ्याकडे आहे, आणि त्यात आपल्या तांड्यामागचा माळही येतो. तिथे पूर्वी गवत होतं, तर गवतच परत आणायचं, म्हणजे आधी तुझी गिरिपुष्पाची झाडं काढायची, असं आमचं म्हणणं आहे. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, गवताचंही रान असतं, हे मी आता गावोगाव सांगत फिरते. तुला कोण सांगणार होतं? तुझ्या वनखात्यातल्या साहेबाच्या लेखी तो माळ ओसाड होता आणि झाड म्हणजे झाड.

लागवडीचे ते दिवस मला स्वच्छ आठवतात. तू रोजंदारीवरचा वनमजूर, पण खाकी शर्ट रोज धुवून घालायचास. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन माळावर येते आहे, आणि तू गुडघ्यावर बसून चराच्या मातीत रोप दाबतो आहेस. टँकर आला नाही तर विहिरीवरून कावडीने पाणी आणतो आहेस. एकदा पिशवी फाडताना माझ्या हातून रोपाचं मूळ तुटलं. "पोरी, लेकरू हाय ते. मान मोडून राह्यली तू त्याची," एवढंच म्हणालास आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस. स्वतःच्या लेकरांवर इतका जीव लावला नाही, असं याडी म्हणायची. आईच ती, थट्टा करत नव्हती.

मग माळावर चराईबंदी आली. आपण लदेणीवाले, बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून पिढ्या जगलेले. गुरांवाचून आपल्यात घर पुरं होत नाही. तरी तू त्या दिवशी काकाची गाय माळावरून हाकत नेलीस आणि कोंडवाड्यात घातलीस. सख्ख्या भावाची गाय. तिने रोपाला तोंडही लावलं नव्हतं, गिरिपुष्प ढोरं खातच नाहीत. ती दोन चरांमधलं गवत खात होती. याडी रडली, तर तू म्हणालास, "आज भावाची सोडली तं उद्या कोणाची धरू?" काकाही तुझाच भाऊ. "ज्यानं नेली त्यानंच आणून द्यावं," म्हणून अडून बसला. तू गेला नाहीस, तोही गेला नाही. गाय गाभण होती. कोंडवाड्यातच व्याली आणि मेली, वासरूही जगलं नाही. तुला स्मशानात न्यायच्या दिवशी काका तांड्याच्या तोंडापर्यंत आला होता, आणि तिथूनच परत फिरला.

तुझी झाडं आता डोक्याच्या कितीतरी वर गेली आहेत. खाली गवताची काडी नाही, तित्तर नाही, लावा नाही. बाया सरपण नेतात, तेवढंच. चारा नाही म्हणून तांड्याने बहुतेक ढोरं विकून टाकली.

काल मी काकाकडे गेले होते. त्याला बरं वाटेल अशी माझी खात्री होती, जरा ऐटीतच सांगितलं मी. तो बाजेवर बसून ऐकत राहिला.

"काहून तोडता?"

"काका, गवत येईल परत. ढोरं चरतील."

"कोणाची ढोरं? हायेत कुठी?" त्याने बाजेची सुटलेली दोरी ओढून घट्ट केली. "माही गाय गेली त्या झाडापायी. भाऊ गेला. आता तू म्हणतं, झाडंच चुकले होते. मंग माही गाय कायले मेली?"

काकीने चहा आणला, तो पिऊन उठले.

उद्या ग्रामसभा आहे. ती हो म्हणाली तरच झाडं निघतील. काका समोर बसेल, आणि मी 'काढा' असंच सांगणार आहे, कारण त्या सावलीत काही जगत नाही. गवत पहिल्यासारखं व्हायला वर्षं जातील. काकाला ते बहुधा दिसणार नाही. मला राग येतो बापू, तुझ्या हातात ती रोपं देणाऱ्याचा, आणि तुझाही. इतकी माया चुकीच्या जागी ओतलीस.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतास तर हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्याने झालं नसतं. झाडं तुझ्या डोक्याच्या वर गेली तेव्हा तू मला मुद्दाम माळावर नेऊन विचारलं होतंस, "कसं वाटते जंगल?" मी म्हटलं होतं, "मस्त हाय." बापू, मला ते कधीच आवडलं नाही. मला ती गाय आवडायची.