गोमाजींचा आवाज

४ सप्टेंबर २००६
कापडे गावच्या रखमाबाई आल्या होत्या. जमिनीचं काम असेल म्हणून सातबारा मागितला. "जमीन नाय वो, माझा माणूस हाय!"
त्यांचे यजमान गोमाजी. नाचाची गाणी स्वतः रचायचे, स्वतःच गायचे. सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका कंपनीनं त्यांची कॅसेट काढली. दोन वर्षांपूर्वी गेले. आता तीच कंपनी त्या गाण्याचा तुकडा मोबाइलची रिंगटोन म्हणून विकतेय. पोलादपूर स्टँडवर कुणाचा तरी फोन वाजला आणि यांना नवऱ्याचा आवाज ऐकू आला.
"मेलेला माणूस लोकांच्या खिशात वरडतोय. दोन शब्द झाले का बटण दाबून गप करतात त्येला. बंद करा, वकीलबाई."
अकरा वर्षांच्या वकिलीत असं काम आलं नव्हतं.

५ सप्टेंबर
करारनामा वाचला. 'गीत व गायन फक्त ध्वनिफितीसाठी.' फक्त! म्हणजे मोबाइलचा हक्क गोमाजींनी कधी दिलाच नाही. तो आता रखमाबाईंचा आणि मुलाचा.
अब्बांना सांगितलं. म्हणाले, "हुमेरा, गेलेल्या माणसाचं नाव होतंय. वाजू दे की." मी नोटीस लिहायला घेतली.

१८ सप्टेंबर
नोटीस रवाना.

१४ ऑक्टोबर
कंपनीच्या वकिलांचा फोन. आधी आवाज चढवून — रेकॉर्डिंग आमचं आहे! मी ते 'फक्त' वाचून दाखवलं. मग सूर उतरला. मोबदला देतो, रीतसर परवाना द्या.
मुलगा भरत मुंबईहून म्हणाला, घेऊन टाकू. रखमाबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "इकायला तो काय भात हाय?"

२ नोव्हेंबर
तडजोडीचा मसुदा झाला. पण भरवसा वाटेना — उद्या दुसऱ्याच नावानं विकायला काढतील. म्हणून एक कलम मी वाढवलं : मूळ फितीसह सर्व प्रती नष्ट कराव्यात व तसं प्रतिज्ञापत्र द्यावं.
रखमाबाईंना थोडक्यात समजावलं, आता कुणाच्याच फोनात वाजणार नाही. त्यांनी हात जोडले. अंगठा दिला.

२७ नोव्हेंबर
प्रतिज्ञापत्र आलं. मूळ फीत पुसली, बाकी सगळं नष्ट. महाडसारख्या गावात बसून मुंबईच्या कंपनीला नमवलं! अब्बासुद्धा हसले. कापड्याला निरोप धाडला.

११ डिसेंबर
रखमाबाई आल्या. पिशवीतून कोरा टेपरेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. भरतनं पाठवलेला.
"आता ती फीत मागवा माझ्यासाठी. घरातली गेल्या साली दरडीखाली गेली. गावात इचारलं, कुणाकडंच नाय उरली. मला एकटीला ऐकायचाय तो."
प्रतिज्ञापत्र समोरच होतं. त्यांना वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागलं.